खाते बंद झाले तरी नोंद राहते

(श्रीरामपूर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रेडिट कार्डाचे खाते बंद केले असता माणसाच्या पत-इतिहासावर कोणता परिणाम होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ऐकताना तो मोठ्या शहरातला वाटेल. परंतु पगार बँकेत जमा होऊ लागल्यापासून श्रीरामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावातही कार्ड ही नोकरदाराच्या खिशातील नित्याची वस्तू झाली आहे. बँक आपण होऊन कार्ड देऊ करते, एखाद्या दुकानात सवलतीसाठी दुसरे घेतले जाते, आणि पुढे एक दिवस वार्षिक शुल्काचा आकडा पाहून मनात येते की ही ब्याद आता नको. कार्डाचे कात्रीने दोन तुकडे केले जातात आणि आपण मोकळे झालो असे समाधान वाटते.

या समाधानात दोन गैरसमज दडलेले आहेत. कार्ड कापल्याने खाते बंद होत नाही, हा पहिला. आणि खाते रीतसर बंद झाले तरी त्याची नोंद पुसली जात नाही, हा दुसरा. हे दोन्ही मुद्दे नीट समजले, तर कार्ड केव्हा बंद करावे, कसे करावे आणि त्यानंतर काय तपासावे, हे प्रत्येकास स्वतःच ठरविता येईल.

पतीची वही आणि आपला जिल्हा

कर्जाची नोंद कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो लवकरच तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे या नावाने ओळखला जातो. त्या वेळी लोकांचा रोख मुख्यत्वे सावकाराच्या घरातील खतपत्रांवर होता. ही खते हस्तगत करून जाळण्यात आली. याचे कारण उघड होते. वही सावकाराची, लेखणी त्याची आणि हिशेबही त्याचाच. फेडलेल्या पैशाची पावती कुळाच्या हाती क्वचितच पडत असे. जी नोंद पाहता येत नाही आणि दुरुस्त करता येत नाही, ती जाळून टाकावी असे माणसास वाटले, तर त्यात नवल नाही.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम करण्यात आला. त्या कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळालाच. शिवाय भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुकात हिशेब लिहून मागण्याचा हक्क कर्जदार शेतकऱ्यास प्राप्त झाला. वही सावकाराची असली, तरी तीत काय लिहिले आहे हे कळण्याचा हक्क ऋणकोचा आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठ्यास वाट मिळाली. भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून या परिसरात आले, ऊस उभा राहिला, आणि गावोगावच्या सोसायट्यांतून पीककर्जाची परंपरा रुजली. या व्यवस्थेत माणसाची पत गावास तोंडपाठ असे. मार्चअखेर कोण वेळेवर नवे-जुने करतो आणि कोणाची बाकी थकते, हे सोसायटीच्या सचिवास वही न उघडता सांगता येई. आजचे कर्ज मात्र अनोळखी माणसांमधला व्यवहार आहे. मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्यास श्रीरामपूरच्या शिक्षकाचा स्वभाव ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असतो तो फक्त पत-अहवाल. यास्तव हा अहवाल कसा तयार होतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

नोंद कोठे होते?

२००५ मध्ये संसदेने पत-माहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली हे काम करतात. यांपैकी सिबिल ही २००० मध्ये स्थापन झालेली पहिली कंपनी असल्यामुळे बोलण्यात तिचेच नाव रूढ झाले आहे, आणि गुणांक कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्यास 'सिबिल' म्हणतात. बँका, सहकारी बँका, बिगर-बँक वित्तीय कंपन्या, घरकर्ज देणाऱ्या कंपन्या आणि कार्ड कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पुरवितात. पूर्वी ही माहिती महिन्यास जात असे. जानेवारी २०२५ पासून ती निदान दर पंधरवड्यास पाठविणे बंधनकारक झाले आहे.

या माहितीवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा गुणांक काढला जातो. प्रत्येक कंपनीचे सूत्र निराळे असले, तरी मुख्य बाबी सर्वपरिचित आहेत. हप्ते व देयके वेळेवर भरली की नाहीत, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, खाती किती जुनी व कोणत्या प्रकारची आहेत, आणि अलीकडे किती ठिकाणी नव्या कर्जासाठी अर्ज झाले, या त्या बाबी होत. बचत खात्यातील शिल्लक, पगाराची रक्कम किंवा जमिनीचे क्षेत्र यांवरून हा गुणांक ठरत नाही. घेतलेले कर्ज माणूस कसे हाताळतो, एवढेच त्यात पाहिले जाते.

हे समजण्यास आपल्या सर्वांच्या परिचयाचा सातबारा उपयोगी पडेल. शेतकऱ्याने जमिनीवर कर्ज घेतले की इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फेडले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र तलाठ्याकडे द्यावे लागते, फेरफार घातला जातो, आणि त्यानंतर उतारा स्वच्छ होतो. परंतु बोजा कमी झाला तरी फेरफाराची नोंद दप्तरात राहतेच. केव्हा कर्ज घेतले आणि केव्हा फेडले, हे मागाहून कोणासही वाचता येते. कार्डाचे खाते बंद करणे हे असेच आहे. खात्यावर 'बंद' असा शेरा येतो, तारीख पडते, बाकी शून्य दिसते. मात्र त्या खात्याचा वृत्तांत पुढे कित्येक वर्षे अहवालात कायम राहतो. ज्याने देयके नेमाने भरली, त्याच्या बाजूने ही नोंद साक्ष देते. ज्याने थकविली, त्याची थकबाकीही खाते बंद केल्याने झाकली जात नाही.

खाते बंद केल्याने काय बदलते?

पहिला परिणाम वापराच्या प्रमाणावर होतो. एक उदाहरण घेऊ. एका शिक्षकाकडे दोन कार्डे आहेत. पहिल्याची मर्यादा ६०,००० रुपये आणि दुसऱ्याची ४०,००० रुपये. पहिले कार्ड पडून आहे, दुसऱ्यावर २०,००० रुपये बाकी आहे. एकूण मर्यादा एक लाख, वापर वीस हजार. म्हणजे प्रमाण २० टक्के. आता पडून असलेले पहिले कार्ड त्यांनी बंद केले. बाकी तीच राहिली, परंतु मर्यादा ४०,००० वर आली आणि वापराचे प्रमाण ५० टक्के झाले. त्यांनी एक रुपयाही नव्याने उसना घेतला नाही, तरी कागदावर त्यांची ओढाताण वाढल्यासारखी दिसते आणि गुणांक काहीसा खाली येऊ शकतो. हे प्रमाण सामान्यतः ३० टक्क्यांच्या आत असावे असा सल्ला दिला जातो. यावर उपाय साधा आहे. आधी दुसऱ्या कार्डाची बाकी फेडावी, मग पहिले बंद करावे. बाकीच नसेल, तर शून्याचे प्रमाण शून्यच राहते.

दुसरा परिणाम खात्याच्या वयाशी निगडित आहे. बारा वर्षे नेमाने चालविलेले कार्ड हा दीर्घ विश्वासाचा पुरावा असतो. ते बंद केल्यावर जुना वृत्तांत लगेच नाहीसा होत नाही, परंतु त्यात नवी भर पडण्याचे थांबते. दोन कार्डांपैकी एक बंद करावयाचे असेल आणि दोहोंचे शुल्क सारखे असेल, तर जुने ठेवून नवे बंद करणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट ज्यांच्याकडे एकच कार्ड आहे आणि दुसरे कोणतेही कर्ज नाही, त्यांच्यासाठी आहे. ते कार्ड बंद झाल्यावर चालू खाते एकही उरत नाही, आणि बराच काळ लोटल्यावर गुणांक काढण्यास पुरेसा आधार राहत नाही. मात्र यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा पत-इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्जासाठी किमान गुणांक रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही, हेही ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट करण्यात आले आहे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गुणांक घसरेल या भीतीने नको असलेले कार्ड जवळ बाळगू नये. कार्डामुळे खर्चाचा हात सैल होत असेल, शुल्क डोईजड असेल किंवा व्यवहारावर लक्ष ठेवणे जमत नसेल, तर ते बंद करणे हाच शहाणपणा. गुणांकात होणारी थोडी घट पुढे वेळेवर फेड करून भरून निघते. व्याजाच्या चक्रात अडकलेला संसार सावरण्यास मात्र फार काळ लागतो. केवळ वेळ नीट निवडावी. घरकर्ज किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यावयाचे असेल, तर ते मंजूर होईपर्यंत कार्डांची उलथापालथ करू नये, एवढेच पथ्य.

बंद करण्याची रीत

आता रीतीविषयी. प्रथम, त्या कार्डावरून आपोआप जाणारी विम्याची, दूरध्वनीची वा अन्य देयके दुसऱ्या खात्यावर वळवावीत. त्यानंतर संपूर्ण बाकी भरावी. देयकात अद्याप न आलेले व्यवहार आणि हप्त्यांत रूपांतरित केलेल्या खरेदीची उरलेली रक्कम हीही बाकीच होय. बहुतेक गोंधळ येथेच होतो. माणूस शेवटचे देयक भरतो आणि कार्ड फेकून देतो. चार दिवसांनी व्याजाची किंवा शुल्काची किरकोळ रक्कम खात्यावर चढते. ती कोणी भरत नाही, तिच्यावर विलंब शुल्क बसते आणि महिन्यामागून महिना थकबाकीची नोंद होत राहते. तीन-चार वर्षांनी मुलगी अभियांत्रिकीस जाते, बाप सहकर्जदार म्हणून बँकेत उभा राहतो, आणि तेव्हा त्यास प्रथमच कळते की शे-दोनशे रुपयांच्या विसरलेल्या बाकीने आपले नाव थकबाकीदारांत गेले आहे. प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

बाकी फेडल्यावर खाते बंद करण्याची विनंती नोंदवावी. या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट नियम घालून दिले आहेत. सर्व देणे फिटलेले असेल, तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद झाले पाहिजे. विलंब झाल्यास खाते बंद होईपर्यंत दर दिवसास ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकास द्यावयाचा आहे. विनंती टपालानेच पाठवा, असा विलंब लावणारा आग्रह बँकेस धरता येत नाही. कार्ड वर्षाहून अधिक काळ वापरात नसेल, तर ग्राहकास कळवून बँक स्वतःही ते बंद करण्याची कार्यवाही सुरू करू शकते, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास खाते बंद होते. म्हणून पडून असलेल्या कार्डाविषयी आलेला संदेश न वाचता पुसून टाकू नये. खाते बंद झाल्याची माहिती पत-माहिती कंपन्यांना तीस दिवसांत कळविणे हेही बँकेवर बंधनकारक आहे.

सोसायटीचे कर्ज फेडल्यावर आपण बेबाकी दाखला घेतो आणि तो जपून ठेवतो. तीच सवय येथे लावून घ्यावी. खाते बंद झाल्याचे व देणे शून्य असल्याचे पत्र बँकेकडून मागून घ्यावे आणि घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे.

आणखी एक सावधगिरी. थकलेल्या कार्डाबाबत वसुली करणारा माणूस कधी कधी थोडी रक्कम भरून प्रकरण मिटविण्याचा प्रस्ताव आणतो. अडचणीत सापडलेल्या कुटुंबास तो दिलासा ठरू शकतो, हे खरे. परंतु अशा खात्यावर 'बंद' याऐवजी 'तडजोड' असा शेरा येतो, आणि पुढे कर्ज देणारा त्याचा अर्थ पूर्ण पैसे मिळाले नाहीत असा घेतो. शक्य असेल तर संपूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडून खाते बंद करावे. तडजोड करणे भागच असेल, तर तिच्या अटी लेखी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

चूक आढळल्यास

खाते बंद केल्यावर दीड-दोन महिन्यांनी आपला अहवाल स्वतः पाहावा. प्रत्येक पत-माहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे; २०१७ पासून ही सोय उपलब्ध आहे. म्हणजे चार कंपन्यांचे मिळून वर्षाकाठी चार अहवाल पैशावाचून मिळतात. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. अहवालात नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, खात्याची स्थिती, बंद झाल्याची तारीख आणि बाकी या सहा गोष्टी तपासाव्यात. सारख्या नावांमुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसण्याचाही संभव असतो.

चूक आढळल्यास बँकेकडे किंवा पत-माहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि बेबाकीचे पत्र सोबत जोडावे. तीस दिवसांत दुरुस्ती व्हावी, असा नियम आहे. त्यापुढे विलंब झाल्यास तक्रारदारास दर दिवसास १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली आणि ती एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तीस दिवसांत दाद लागली नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी वकिलाची वा दलालाची आवश्यकता नाही.

दलालांविषयी तर विशेष जपावे. पैसे द्या, तुमचे सिबिल स्वच्छ करून देतो, अशा जाहिराती भ्रमणध्वनीवर येतात. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे हा आपला विनामूल्य हक्क आहे, आणि खरी नोंद कोणत्याही दलालास पुसता येत नाही. अशा माणसाच्या हाती पॅन, आधार किंवा भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक देणे म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देणे होय.

आपल्याकडून अपेक्षा

मित्रहो, आपण या तालुक्यातील शिकलेली आणि गावाने विश्वासाने विचारावयाची माणसे आहात. शिक्षकांनी वरच्या वर्गांत टक्केवारी शिकविताना कार्डाची मर्यादा आणि वापर यांचे एखादे उदाहरण द्यावे. गणितही समजेल आणि व्यवहारही. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत विनामूल्य अहवालाची माहिती सांगावी, आणि ज्यांना संगणक हाताळता येत नाही, त्यांना अहवाल काढण्यास विश्वासू माणसाचे साहाय्य मिळवून द्यावे. कार्यालयातील सहकाऱ्यांनी निवृत्तीस आलेल्या आपल्या बांधवांची जुनी कार्डे रीतसर बंद झाली आहेत की नाहीत, याची आठवण द्यावी. निवृत्तीनंतर उत्पन्न घटते, पत्ता व दूरध्वनी बदलतो, आणि विसरलेली बाकी तशीच वाढत राहते.

दीडशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील कुळांना स्वतःच्या कर्जाची वही पाहता येत नव्हती. आज ती वही प्रत्येकास वर्षातून चार वेळा घरबसल्या पाहता येते, तीत चूक असेल तर सुधारून मागता येते आणि विलंबाची भरपाईही मिळू शकते. हा हक्क सहजासहजी आलेला नाही. तो न वापरता पडून राहिला, तर असून नसल्यासारखाच. म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाने या महिन्यात आपला एक अहवाल मागवावा, तो ओळीने वाचावा, आणि जी कार्डे नको असतील ती बाकी फेडून, विनंती नोंदवून, बेबाकीचे पत्र घेऊन बंद करावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.